काजळ्याचा जन्म कितव्या हप्त्यात?

हस्तलिखित आलं तेव्हा त्यातला नायक कामाला लागायला चौथा हप्ता उजाडत होता. सीमाभागातल्या एका छोट्या मासिकाला दहा हप्त्यांची कादंबरी हवी होती: जुन्या रहस्यकथांच्या वळणाची, खानापूर-बेळगाव बसमध्ये वाचून संपावी अशी. लेखिका बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे बिडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, स्टोअर सांभाळते. तिचे वडील त्याच धंद्यात फेटलर, म्हणजे ओतलेले भाग घासून-तपासून साफ करणारे कामगार होते. मासिकाकडे आलेल्या कथा-कादंबऱ्या वाचून शेरे देण्याचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे हे प्रकरण माझ्या टेबलावर आलं आणि बरेच दिवस तिथेच राहिलं.

नायकाचं नाव काजळ्या. मुखवटा नाही, झगा नाही. रात्रपाळी करून बाहेर पडणाऱ्या फाउंड्री कामगाराचं तोंड काजळीनं आणि वाळूनं इतकं माखलेलं असतं की शेजारीही त्याला चटकन ओळखत नाही. आणि तोच माणूस तोंड धुऊन चहाच्या गाड्यावर आला की कामावरचे दोनदा बघतात. लेखिकेनं हे रोज पाहिलेलं. गद्यातल्या नायकाला याहून सोयीचा वेश मी तरी वाचलेला नाही. वाचकापुढे चित्र नसतं, आणि इथे चित्राची गरजच पडत नाही.

काजळ्याची शक्तीही तशीच, कानाची. ओतून थंड झालेलं बीड (ओतीव लोखंड) फेटलर हातोडीनं वाजवून बघतो. कास्टिंग चांगलं असेल तर खणखणीत वाजतं, आत चीर असेल तर बद्द. डोळ्यांना चीर दिसत नाही, कानाला कळते. काजळ्याला माणसाच्या बोलण्यातली चीर अशीच ऐकू येते. खोटं बोललं की आवाज बद्द होतो. कल्पना पहिल्याच वाचनात आवडली. उरलेला सगळा वाद होता तो हे सगळं त्याच्याकडे कसं आलं, ते कुणी सांगायचं आणि कधी.

पहिल्या खर्ड्यात पहिले तीन हप्ते याच उत्तरात गेले होते. येळ्ळूरच्या बाजूच्या गावात परशाचा, म्हणजे पुढच्या काजळ्याचा, जन्म, राजहंसगडाच्या पायथ्याची शेती, तालमीतली लाल माती, वाळूच्या धुळीनं छाती भरून गेलेला बाप, बापाच्या जागी फाउंड्रीत लागलेला परशा, पावसाळ्यातला स्फोट. मग जखमी परशा पळत पळत खानापूरच्या जंगलात जातो, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांपर्यंत पोचतो, तिथे एक साधू भेटतो आणि वटवाघळांच्या सहवासात त्याचे कान तयार होतात.

गुहेचा मोह मला समजतो. बारापेडेच्या गुहा खऱ्या आहेत, आता भीमगड अभयारण्यात येतात. तिथलं राॅटनचं वटवाघूळ विज्ञानाला १९१३ साली ठाऊक झालं ते याच गुहांमधून, आणि त्यानंतर कित्येक दशकं जगात दुसरीकडे कुठेही ते असल्याची नोंद नव्हती. मेघालय आणि कंबोडियातल्या नोंदी अगदी अलीकडच्या. आपल्या तालुक्यात अशी गुहा असताना तिला कादंबरीत जागा द्यावीशी वाटणारच. पण मासिकाच्या वाचनाच्या बैठकीत साधू आणि वटवाघळं एकत्र आली तेव्हा एक कॉलेजचा मुलगा नुसता हसला, आणि तो का हसला हे कुणालाच सांगावं लागलं नाही.

माझी हरकत निराळी होती. तीन हप्ते म्हणजे तीन महिने. तेवढ्या काळात वाचकाला नायकाबद्दल सगळं कळतं, नायक मात्र काहीच करत नाही. शिवाय लेखिकेनं कारणं ओळीनं मांडली होती: तालीम केली म्हणून ताकद, बाप गेला म्हणून राग, साधू भेटला म्हणून विद्या. प्रत्येक प्रश्नाला लगेच उत्तर. चौथ्या हप्त्यात काजळ्या पहिल्यांदा रात्री बाहेर पडतो तेव्हा त्याच्याविषयी विचारावं असं काहीच शिल्लक राहिलेलं नव्हतं.

लेखिका सहजी ऐकणारी नाही. ‘‘प्रत्येक हिरोला ओरिजिन असतं, आणि ते पहिलंच असतं,’’ ओरिजिन म्हणजे जन्मकथेबद्दलचं हे तिचं म्हणणं. ते तपासून बघायचं ठरलं. चित्रपट आणि चित्रकथा बाजूला ठेवल्या, कारण चित्राचं गणितच वेगळं: बॅटमॅन मे १९३९ मध्ये आला, त्याच्या आईवडिलांच्या खुनाची हकिकत नोव्हेंबरच्या अंकात आली, आणि तिला दोन पानं पुरली. दोन पानांत गळ्यातली माळ, पिस्तूल, पोराचे डोळे, मेणबत्तीपुढची शपथ, सगळं डोळ्यांना एकदम मिळतं. गद्यात तेवढ्याच ऐवजाला एक अख्खा हप्ता लागतो. म्हणून आम्ही गद्यातल्याच नायकांकडे गेलो.

त्यात सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो शॅडोनं, आणि ते योग्यच झालं. हा नायक जन्मला तेव्हा नायक नव्हताच, नुसता आवाज होता. ३१ जुलै १९३० रोजी अमेरिकेत एका प्रकाशन कंपनीनं आपल्या गुप्तहेर-मासिकाची जाहिरात म्हणून रेडिओवर गोष्टी सुरू केल्या. त्या सांगणाऱ्या निवेदकाला शॅडो म्हणत. लोक वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर जाऊन त्या आवाजाचं मासिक मागू लागले. असं मासिकच नव्हतं! तेव्हा कंपनीनं ते काढलं, एप्रिल १९३१ मध्ये, आणि जादूचे प्रयोग जाणणारा, जादूगारांसाठी पुस्तकं लिहून देणारा वॉल्टर गिब्सन याला मॅक्सवेल ग्रँट या टोपणनावानं लिहायला बसवलं. त्या नायकाच्या सव्वातीनशे कादंबऱ्या निघाल्या, त्यांतल्या बहुतेक गिब्सनच्याच.

आता यातलं आपल्या कामाचं. वाचकांना फार लवकर वाटायला लागलं की शॅडो म्हणजे लॅमॉन्ट क्रॅन्स्टन नावाचा श्रीमंत गृहस्थ. मग कळलं की क्रॅन्स्टन हा वेगळाच, खराखुरा माणूस आहे. तो परदेशी गेला की शॅडो त्याचं रूप घेतो. खरा शॅडो कोण, हे ऑगस्ट १९३७ च्या अंकात आलं: केंट ॲलर्ड, ग्वाटेमालाच्या जंगलात विमान पडून बेपत्ता झालेला, जगानं मेलेला समजलेला वैमानिक. म्हणजे मासिक सुरू झाल्यावर सहा वर्षांनी. तोवर शंभरावर कादंबऱ्या छापून झाल्या होत्या, आणि नायकाचा जन्म सांगितलेला नाही म्हणून कुणी मासिक घ्यायचं थांबलं नव्हतं. गंमत म्हणजे त्याच वर्षी रेडिओनं ॲलर्डला बाजूला सारून क्रॅन्स्टनलाच खरा शॅडो केलं आणि पूर्वेकडे शिकलेली, माणसाच्या मनावर पडदा टाकण्याची विद्या त्याला बहाल केली. पूर्वेकडे शिकलेली विद्या हा तेव्हाच्या अमेरिकन लेखकांचा हातखंडा उपाय. आमच्या लेखिकेचा साधू त्याच घराण्यातला, फक्त इथल्या माणसानं इथल्याच जंगलात बसवलेला. हे म्हटल्यावर ती गप्प झाली आणि पुढच्या खर्ड्यात साधू दिसला नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. झोरो १९१९ मध्ये एका साप्ताहिकात पाच हप्त्यांत आला आणि मुखवट्याखाली कोण, हे शेवटी उघड झालं. डॉक सॅव्हेज मार्च १९३३ चा. त्याला बापानं पाळण्यापासून शास्त्रज्ञांच्या हाती देऊन घडवलेलं, पण ते दोन-चार वाक्यांत उरकून पहिली कादंबरी सरळ त्याच बापाच्या संशयास्पद मृत्यूपासून धावते. त्याचा लेखक लेस्टर डेंट यानं सहा हजार शब्दांच्या गोष्टीचा एक आराखडा लिहून ठेवला आहे, दीड-दीड हजारांचे चार तुकडे. पहिल्या ओळीतच, किंवा जमेल तितक्या लवकर, नायक आणा आणि त्याच्या डोक्यात संकटाचा ठोसा घाला, असं त्याचं सांगणं. नायकाच्या बालपणाला त्या आराखड्यात खणच नाही. आपल्याकडच्या बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड आठवून बघा. आमच्या पिढीनं ते वाचनालयातून आणून, अर्धी पानं फाटलेली असताना, मधूनच कुठूनही वाचले. नायक आधी कोण होता हे आम्हाला कधी अडलं नाही.

लेखिकेनं मात्र एक उलटं उदाहरण शोधून आणलं, आणि ते चांगलं होतं. सप्टेंबर १९३९ मध्ये आलेला ॲव्हेंजर. त्याचा जन्म पहिल्याच प्रकरणात आहे. रिचर्ड बेन्सन बायको आणि मुलीला घेऊन विमानात बसतो, हात धुवायला आत जातो, परत येतो तर दोघी नाहीत. विमानातले लोक म्हणतात, तुम्ही एकटेच चढलात. धक्क्यानं त्याचे केस पांढरे होतात, चेहरा मेल्यासारखा ताठरतो. ‘‘बघा, पहिल्याच पानावर,’’ ती म्हणाली.

खरं आहे. पण तिथे जन्म हेच कोडं आहे. सगळे खोटं बोलताहेत हे वाचकाला कळतं, का ते कळत नाही, आणि नायक त्याच क्षणी शोधाला लागतो. म्हणजे जागेचा नियम असा काही नाही. जन्मकथा पहिल्या पानावरही चालते, सहा वर्षांनीही चालते. ती सांगितली जात असताना कथेत काहीतरी घडत असलं पाहिजे, आणि सांगून झाल्यावर आधीपेक्षा जास्त बिघडलेलं असलं पाहिजे. तिच्या तीन हप्त्यांत घडलेलं सगळं आधीच घडून गेलेलं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं, पण त्यासाठी ॲव्हेंजर तिनंच आणावा लागला. त्या विमानातल्या खोटं बोलणाऱ्या लोकांवर ती बराच वेळ अडून राहिली होती. आपल्या नायकाला तर खोटं ऐकू येतं, हे तिच्या लक्षात आलं असावं.

दुसऱ्या खर्ड्यात गुहा गेली, तालीम एका ओळीत आली, आणि स्फोट तेवढा राहिला. या स्फोटावर तिनं मेहनत घेतली होती, आणि ती दिसत होती. बिडाचा रस ओततात तेव्हा तो तेराशे-चौदाशे अंशांवर असतो. साच्यात, लॅडलमध्ये (रस ओतायच्या डावात) किंवा जमिनीवर पाणी राहिलं आणि त्यावर रस पडला तर पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेला सोळाशे-सतराशे पट जागा लागते, आणि वर रस असेल तर ती त्याला उडवत बाहेर पडते. बेळगावचा जुलै ज्यांनी पाहिलाय त्यांना गळका पत्रा आणि ओली जमीन वेगळी समजावून सांगायला नको. या धडाक्यात परशाचा डावा कान कायमचा जातो. उजव्या कानाला मात्र बापाकडून शिकलेली ती चीर आता माणसांच्या बोलण्यातही ऐकू येऊ लागते. याचं शास्त्रीय कारण द्यावं का, यावर बैठकीत बराच खल झाला. एक डॉक्टर सदस्य कानाच्या पडद्यापासून मेंदूपर्यंतची आकृती काढून बसले. लेखिकेनं ती आकृती वहीत ठेवली आणि कादंबरीत घेतली नाही. माझ्या मते तिनं बरोबर केलं. पडदा फाटला हे वैद्यकात बसतं, बाकीचं वाचक आपण होऊन मान्य करतो, बापाची हातोडी त्यानं आधी ऐकलेली असली म्हणजे झालं.

बहिऱ्या कानाचा खरा फायदा पुढे कळला. पहिल्या हप्त्यापासून काजळ्या प्रत्येक बैठकीत खुर्ची सरकवतो, समोरच्याला उजवीकडे घेतो. का, ते सांगितलेलं नाही. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटलं तो दाराकडे तोंड करून बसतो. जन्मकथेचे असे तुकडे आधी पेरून ठेवता येतात, आणि त्यांना पानं लागत नाहीत.

शक्तीची मर्यादाही इथेच सापडली. कागद वाजत नाही. माणूस खोटं बोलला तर काजळ्याला कळतं, पण खोटा दाखला, खोटी सही, खोटा उतारा यापुढे तो तुमच्या-माझ्यासारखाच लाचार. म्हणजे कागदावर लिहिलेलं कुणाकडून तरी मोठ्यानं बोलवून घ्यायचं, हे त्याचं काम होऊन बसलं. पुढच्या सगळ्या हप्त्यांना याच एका गोष्टीनं पुरवलं. ज्या भागात घराघरात कागदाची एक पिशवी असते आणि तिच्यातलं अर्धं ज्याला वाचता येतं तो पोरगा कामावर गेलेला असतो, तिथे हा शत्रू वाचकाला ओळखून द्यावा लागत नाही.

उतारा कादंबरीत आला आणि काळही ठरला. सुरुवातीला गोष्ट आजची होती. ती लेखिकेनं २००१ च्या आसपास नेली. कर्नाटकात तेव्हा ‘भूमी’ योजनेखाली जमिनीचे सुमारे दोन कोटी उतारे हातानं लिहिलेल्या वह्यांतून संगणकावर चढत होते. हातानं लिहिलेल्याचा शेवट जवळ आला होता, आणि संगणकावर काय चढतंय यावर पुढच्या पिढ्यांची मालकी ठरणार होती. ज्याला आपलं नाव घुसवायचं होतं त्याला घाई होती. शिवाय आधार यायला अजून अवकाश होता. आज हीच गोष्ट लिहायची तर बोटाचा ठसा आडवा येतो. (तसं म्हटलं तर वर्षानुवर्षं वाळूत आणि ग्राइंडरवर हात घासलेल्यांचे ठसे यंत्राला नीट लागत नाहीत, हे रेशन दुकानासमोरच्या रांगेत कुणीही सांगेल. पण तो वेगळ्या कादंबरीचा विषय.)

दुसऱ्या खर्ड्यात कथानक असं होतं: स्फोटानंतर परशा गायब होतो, चुलता त्याला मेलेला दाखवून वारसा लावून घेतो, आणि शेत प्लॉट पाडणाऱ्यांना द्यायला निघतो. जिवंत माणूस कागदावर मरणं यात अतिशयोक्ती काहीच नाही. आझमगडचे लाल बिहारी जमिनीपायी कागदोपत्री मेले होते आणि सरकारदफ्तरी पुन्हा जिवंत व्हायला त्यांना १९९४ उजाडलं, हे सर्वज्ञात आहे. पण बैठकीतल्या वकिलानं इथे बोट ठेवलं. माणूस नुसता बेपत्ता असेल तर सात वर्षं थांबावं लागतं, तेव्हाच्या पुरावा कायद्याचं कलम १०८. काही महिन्यांत वारसा लागायचा तर मढं पाहिजे.

हा वकिली आक्षेप कादंबरीला सर्वांत जास्त उपयोगी पडला. मढं पाहिजे म्हणजे कुणाचं तरी मढं पाहिजे. त्या रात्री फाउंड्रीत आणखी कोण होतं? लेखिकेला उत्तर शोधावं लागलं नाही. ठेकेदाराचा माणूस, ज्याचं नाव हजेरीपटावर नसतं. सौंदत्तीच्या बाजूचा बसू, कन्नड बोलणारा, परशाच्याच वयाचा, त्याच्या शेजारी उभा असलेला. जळालेलं प्रेत परशाचं म्हणून ओळखलं गेलं, मरणोत्तर पंचनामा झाला, अंत्यसंस्कार झाले. आणि परशा शुद्धीवर आला तेव्हा त्याच्या अंगावर शर्ट होता बसूचा. ठेकेदारानं त्याला बसू म्हणूनच हाक मारली, पुढच्या कामावर बसू म्हणूनच पाठवलं.

त्यामुळे काजळ्याची दुहेरी ओळख हातानं लावलेली वाटली नाही. रात्री काजळ्या, दिवसा बसू, आणि परशा येळ्ळूरच्या मसणात. मराठी माणूस कागदावर मेला आणि कन्नड नावावर जगतो आहे. शॅडोनं क्रॅन्स्टनचं रूप घेतलं ते क्रॅन्स्टन जिवंत असताना, सोयीसाठी. इथे ज्याचं नाव घेतलं तो मेला आहे आणि त्याच्या घरी ते माहीत नाही. दुसऱ्या हप्त्यापासून काजळ्या दर महिन्याला सौंदत्तीला एक मनिऑर्डर करतो. कुणाला, ते सांगितलेलं नाही. गावाबरोबर यल्लम्माच्या यात्रेलाही जातो, सगळे ‘उदं गं आई उदं’ म्हणत डोंगर चढतात, हा बसस्टँडवर थांबतो.

याला विरोध झाला, आणि तो मी लपवणार नाही. बैठकीत दर वर्षी एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत चालणारे लोक आहेत. घरातल्या माणसांनी त्यासाठी मार खाल्लेले आहेत. आपला नायक कन्नड नाव लावून का फिरतो, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. दुसऱ्या बाजूला एकाला वाटत होतं की चुलत्याऐवजी कन्नड कारकून खलनायक केला तर कादंबरी जास्त खपेल. लेखिकेनं दोन्ही बाजूंना एकच उत्तर दिलं: जमीन भावकीतच खाल्ली जाते, हे तुमच्यापैकी कुणाला माहीत नाही? त्यावर कुणी बोललं नाही. पहिला आक्षेप अजून मिटलेला नाही. मासिकाकडे पत्रं येणार, हे धरूनच चाललो आहोत.

आता सातवा हप्ता, ज्यात जन्मकथा आली. खानापूर रस्त्यावर चहाचं हॉटेल, बाहेर पाऊस, प्लॉटवाल्याचा माणूस येईपर्यंत चुलता एकटाच बसलाय. काजळ्या तोंड धुऊन, बसू म्हणून, समोर येऊन बसतो. चुलता त्याला ओळखत नाही: दाढी, जळकं कातडं, आणि मुख्य म्हणजे ज्याला आपण जाळून आलो तो समोर बसेल असं कुणाच्या डोक्यात येत नाही. गप्पांत जमिनीचा विषय निघतो. मूळ मजकूर थोडा देतो.

‘‘पुतण्याचं शेत हाय. फाउंड्रीत जळाला बघ पोरगं. लई वाईट झालं.’’

बद्द.

‘‘मग तुमच्या नावावर कसं आलं, मामा?’’

‘‘जित्ता असतानाच सांगून ठेवला होता की मला. काका, तुमीच बघा म्हणाला.’’

बद्द. परशानं खुर्ची आणखी थोडी वळवली.

‘‘आणि मढं? मढं तुमीच ओळखला?’’

‘‘मी न्हवं गा. त्याची आई. ती आत गेली, बघितली, माझाच म्हणाली. अंगठा तीच दिली.’’

कप खाली ठेवताना बशी वाजली. चुलत्याचा आवाज मात्र कुठेच फुटला नव्हता.

एवढंच. तीन हप्त्यांचा ऐवज सव्वा पानात आला. वाचकाला स्फोट, प्रेत, पंचनामा, जमीन सगळं कळतं, तेही त्यातला फायदा ज्यानं उठवला त्याच्याच तोंडून, आणि कुठे विश्वास ठेवायचा ते परशाचा कान सांगतो. आधीच्या सहा हप्त्यांत वाचकाला सवय लागलेली असते की बद्द आवाज म्हणजे संकट. इथे पहिल्यांदा खणखणीत आवाज संकट घेऊन येतो. परशाला ते वाक्य खोटं निघायला हवं होतं. ‘मामा’ या हाकेकडेही बघा. काका म्हटलं असतं तर त्यालाच जड गेलं असतं. परक्या म्हाताऱ्याला मामा म्हणतात तसं तो म्हणतो, आणि पुढच्याच ओळीत चुलता मेलेल्या पुतण्याच्या तोंडी ‘काका’ घालतो. लेखिकेनं यावर कुठेही बोट ठेवलेलं नाही. पहिल्या वाचनात माझ्याही नजरेतून ते सुटलं असतं, पण बैठकीत मोठ्यानं वाचताना ऐकू आलं.

बोलीचा प्रश्न थोडा नाजूक होता. ‘ती बघितली’, ‘अंगठा तीच दिली’ हे इथे घरोघरी बोललं जातं, पण पुण्या-मुंबईच्या वाचकाला बेळगावी बोली म्हटली की पु. लं.चे रावसाहेब आठवतात आणि तो हसायला तयार होतो. या प्रसंगात कुणी हसलं तर हप्ता मेला. प्रमाण मराठी करून बघितली. ‘तिनं पाहिलं, माझाच म्हणाली, अंगठा तिनंच दिला.’ वाक्य शुद्ध झालं आणि चुलता कुणीतरी नाटकातला माणूस वाटायला लागला. बोलीच ठेवली. हसणाऱ्याला सहा हप्त्यांत सवय झाली नसेल तर सातव्यात होणार नाही.

आईनं प्रेत पाहून ‘माझाच’ म्हटलं हे खरं ठरलं. पण तिला तसं वाटलं म्हणून म्हटलं, की वाटत नसतानाही म्हटलं? चुलत्याचा आवाज फुटला नाही तो त्यानं जे पाहिलं ते सांगितलं म्हणून. तिच्या मनात काय होतं ते त्यालाही ठाऊक नाही. जे माणूस स्वतः खरं मानतो ते बद्द वाजत नाही, ही मर्यादा तिसऱ्या हप्त्यात एका भोंदूच्या निमित्तानं सांगून ठेवलेली आहे. तेव्हा ती विनोदी वाटली होती. आता तिचा उपयोग कळतो. सातव्या हप्त्यानंतर काजळ्याच्या जन्माबद्दल वाचकाला सगळं माहीत आहे, एक गोष्ट सोडून, आणि ती एकाच माणसाला विचारता येते.

आठवा आणि नववा हप्ता लिहून झालेत. आठव्यात सौंदत्तीची मनिऑर्डर परत येते, आणि तिच्या मागोमाग बसूची बहीण उद्यमबागेच्या गेटवर येऊन ‘नम्म अण्णा यल्ली?’ म्हणून वॉचमनला विचारत फिरते. इथे कन्नड संवाद देवनागरीत तसेच छापायचे ठरलेत, खाली अर्थ न देता. सीमाभागातल्या वाचकाला त्याची गरज नाही आणि बाकीच्यांना तिच्या हातातल्या फोटोवरून कळतं. नववा हप्ता सगळा मारामारीचा आहे, छान आहे, त्यात शेराही द्यावा लागला नाही.

दहावा अडलाय. माझं मत, आईला विचारूच नये. काजळ्यानं शेत सोडवावं, बसूच्या बहिणीला खरं सांगावं, आणि येळ्ळूरची वाट टाळावी. दुसरी कादंबरी लिहायची असेल तर तेवढा प्रश्न हातात ठेवावा, शॅडोनं सहा वर्षं ठेवला तसा. लेखिकेला हे पटत नाही. तिचं म्हणणं, शॅडोला आई नव्हती म्हणून त्याला जमलं. तिला काजळ्या आईच्या दारात न्यायचा आहे, पण परशा म्हणून नाही. बसू म्हणून, मोडक्या मराठीत, आपल्या भावाचं प्रेत शोधत आलेला परका माणूस म्हणून. त्यानं विचारायचं की त्या दिवशी तुम्ही कुणाला ओळखलंत. म्हणजे आई जे बोलेल ते मुलाला बोललेलं नसेल, आणि ते खणखणीत निघो की बद्द, त्याला दोन्हीतलं एकही घरी नेता येणार नाही. मी तिला विचारलं, आई आवाजावरून ओळखणार नाही का? त्यावर ती म्हणाली, ‘‘तेच तर लिहायचंय.’’ मासिकाचा अंक छपाईला जायच्या आत हप्ता देते म्हणालीये.